चूक स्वतःहून कळवणाऱ्या सिस्टरला मेमो का?

मूळ धागा (वॉर्ड सिस्टर):
सतरा वर्षं वॉर्डात आहे. गेल्या महिन्यात रात्रपाळीला आमच्या एका ज्युनिअर सिस्टरने भलतीच बाटली उचलली. सिरिंज भरली, पेशंटजवळ गेली, आणि लेबल पुन्हा वाचताना थबकली. पेशंटला काही झालं नाही. सकाळी तिने स्वतःहून सगळं लिहून दिलं, दुपारी हातात मेमो! दोन्ही बाटल्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या झाकणाच्या, एकाच ट्रेमधल्या. तो ट्रे आजही तसाच आहे. आता इथे कोण चूक कळवेल? तीव्र पोटॅशियम क्लोराईड (पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पाडू शकणारं औषध) अनेक देशांत वॉर्डातल्या साठ्यातून हलवलं गेलं, ते असे जीवघेणे घोटाळे उघड झाले म्हणूनच. अनवधानाने झालेली चूक कळवणाऱ्याला शिक्षा नको, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद (रुग्णाचा मुलगा):
अजिबात पटलं नाही. माझ्या आईला रक्त पातळ करणारं औषध दुप्पट दिलं गेलं. अंगभर काळेनिळे डाग. विचारलं तर ‘होतं असं कधी कधी’. चार दिवसांनी फाइल चाळताना मला स्वतःला कळलं. शिक्षाच नको म्हणता, मग जबाबदारी कुणाची?

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ):
तुमचा राग रास्त आहे. पण भीतीने माणसं सावध होत नाहीत, गप्प होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. छेद देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, रुग्णाचं नाव आणि शस्त्रक्रियेची बाजू, डावी की उजवी, मोठ्याने म्हणायची. तिथे ज्युनिअरला ‘सर, थांबा’ म्हणता आलं पाहिजे.

प्रतिसाद (सर्जन):
अर्धीच गोष्ट सांगताय. कॅनडातल्या ऑन्टारियोत १०१ रुग्णालयांत हीच यादी आली. २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. पेशंट थिएटरात यायच्या आत सगळ्या चौकटींवर टिक झालेल्या मी पाहिल्यात. धाक हवाच, फक्त तो वरच्यांना हवा. मेमो द्यायचाच तर ट्रे तसाच ठेवणाऱ्याला द्या.

वॉर्ड सिस्टर:
हे मात्र सोळा आणे खरं. आणि जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला किंवा चूक दडपणाऱ्याला मी पाठीशी घालत नाही. दादा, तुमच्या आईच्या बाबतीत डोस चुकला त्याहून लपवणं मला जास्त गंभीर वाटतं.

रुग्णाचा मुलगा:
त्या मुलीला मेमो नको, हे मान्य. पण मला कुणी सांगायला हवं होतं? त्याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

वॉर्ड सिस्टर:
उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी. त्याच दिवशी, तुमच्या शेजारी बसून. डोस किती गेला, आता काय करतोय, हे सांगून आधी माफी मागायची. आमच्या ज्युनिअरवर ढकलायचं नाही.