मदत हवी आहे : जाऊबाईंची गाठ, कुठे दाखवावी?

मैत्रिणींनो, आम्ही चोपडा तालुक्यातले. जाऊबाईंना योनीच्या तोंडाशी, डावीकडे खालच्या अंगाला वाटाण्याएवढी गाठ आलीय. दुखत नाही, पण कापूस वेचताना उकिडवं बसलं की टोचते. नर्सताई म्हणाल्या, बार्थोलिन ग्रंथीचं (योनीच्या तोंडाशी ओलावा देणारी छोटी ग्रंथी) तोंड बंद झालं की तिथे अशी गाठ होते. कोमट पाण्यात बसून शेका, पिळू नका. ताप आला, लाल होऊन ठणकायला लागली तर लगेच दवाखाना. पण जाऊबाई 45च्या. चाळिशीनंतरची नवी गाठ दुखत नसली तरी तपासायचीच, गरज पडली तर तुकडा काढून, हे नर्सताईंनी दोनदा बजावलं. सासूबाईंचं मात्र एरंडेल लावा (त्यांचं सगळ्यावर एरंडेलच!). जळगाव-धुळ्याकडे समजुतीनं तपासणाऱ्या लेडी डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? तपासणीत नेमकं काय करतात, फार दुखतं का? आधी कळलं तर त्या यायला तयार होतील.