मदत हवी आहे: अँटेना ६४ वरून २५६ केल्यावर जवळचा माणूस धूसर का होतो?

नमस्कार. मी एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव सांगलीकडचं. गळीत हंगामात आमच्या रस्त्यावरून रात्री उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना जातात, कडेने माणसं चालत असतात. मोबाइलचा टॉवर त्याच रस्त्यावर रात्रभर लहरी सोडत असतो. त्या आपटून परत येतात, त्यांचा कानोसा घेतला तर वळणाआधीच गाडीवाल्याला सावध करता येईल, या विचाराने हा विषय घेतला. आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) २०२३ मध्ये ६जीची जी चौकट ठरवली, तिच्यातल्या सहा वापरांपैकी एक हाच आहे: संवाद आणि संवेदन एकत्र.

मॅटलॅबमध्ये (गणिती सॉफ्टवेअर) सिम्युलेशन केलंय. २६ गिगाहर्ट्झ (२०२२ च्या लिलावातला पट्टा), बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झ, अँटेना एका ओळीत, अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने. ट्रॉली १५० मीटरवर, माणूस २० मीटरवर, जवळपास समोर.

कोनाच्या आलेखात ६४ अँटेनांना दोघांचीही शिखरं सुमारे १.६ अंश रुंद आली, हिशोबाप्रमाणे. २५६ केल्यावर ०.४ अंश यायला हवीत. ट्रॉलीचं तसंच आलं. माणसाचं मात्र चार अंश पसरलेलं टेकाड झालं, वर दोन-तीन उंचवटे! म्हणजे चौपट अँटेना लावून आधीपेक्षा वाईट. नॉइज जवळजवळ शून्य करून पाहिला, काही फरक नाही. म्युझिक अल्गोरिदम (जवळजवळचे कोन वेगळे करणारी गणिती पद्धत) लावला तर एकाच माणसाची तीन माणसं दिसतात. आठवडा झाला, इथेच अडकलोय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १
परत येणारी लाट कशी तयार केलीत? प्रत्येक अँटेनापासून माणसापर्यंतचं खरं अंतर मोजून, की फक्त कोनावरून?

धागाकर्ता
खरं अंतर मोजून. शोधताना मात्र पुस्तकातला नेहमीचा स्टिअरिंग व्हेक्टर (लाट प्रत्येक अँटेनावर किती पुढे-मागे पोचेल याची यादी) वापरलाय, फक्त कोनाचा.

प्रतिसाद २
मग कोड बरोबर आहे, गृहीतक चुकलंय. तो व्हेक्टर लाट सपाट आहे असं धरून चालतो. लांबून आलेली लाट सपाट भासते, जवळची गोलच असते. सीमा कुठे? ओळीच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी. तुमची तरंगलांबी १.१५ सेंटिमीटर. ६४ अँटेनांची ओळ ३६ सेंटिमीटरची, सीमा साधारण २३ मीटर, म्हणून माणूस काठावर निभावला. २५६ ची ओळ १.४७ मीटरची, सीमा थेट ३७५ मीटर. सीमेवर कडेच्या अँटेनाची फेज (लाटेच्या चक्रातली जागा) साडेबावीस अंशांनी चुकते, एवढं चालतं. १५० मीटरवर ५६ अंश, तेही शिखर सहन करतं. २० मीटरवर ती ४२० अंशांनी चुकते, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याहून जास्त. आणि २० मीटरवरून दीड मीटरची ओळ सुमारे चार अंशांत मावते. तुमचं टेकाड तेवढंच रुंद आहे ना?

यात अँटेनांच्या संख्येचा दोष नाही, ओळीच्या लांबीचा आहे. तेच २५६ सोळा बाय सोळा चौकोनात मांडले तर सीमा तीन मीटरच्या आत येते, पण मग कोनाची बारकाई सहा अंशांवर जाते. तुम्हाला बारकाई हवीय, तेव्हा ओळ ठेवा आणि व्हेक्टरमध्ये कोनाबरोबर अंतरही घाला.

संवादाची बाजूही तपासा. त्याच व्हेक्टरने बीम (एका दिशेला रोखलेला सिग्नल) सोडत असाल तर जवळच्या मोबाइललाही सिग्नल कमी पोचत असणार. संवेदनात दिसलेली चूक बहुतेक वेळा संवादातही लपलेली असते, आपण तिथे बघत नाही इतकंच.

धागाकर्ता
मनापासून आभार! रात्रीच करून पाहिलं. माणसाचं शिखर ०.४ अंशावर आलं, म्युझिकमध्येही एकच माणूस उरला. मोबाइलचंही तुम्ही म्हणालात तसंच निघालं: समोर २० मीटरवर ९ डेसिबल कमी मिळत होते, नव्या व्हेक्टरने भरून निघाले. मी महिनाभर फक्त १५० मीटरवरचे आकडे बघत होतो.

आता अडचण वेगाची. कोन आणि अंतर दोन्ही शोधायचे तर एका चित्राला फार वेळ लागतो. अंतर दर अर्ध्या मीटरला तपासतोय, ५ ते ३७५ मीटर.

प्रतिसाद २
समान अंतराने तपासू नका. गोलाई १/अंतर याप्रमाणे बदलते, म्हणून बिंदू १/अंतर समान ठेवून निवडा: जवळ दाट, लांब विरळ. शंभर मीटरपुढे चार-पाच बिंदू पुरतात. लांबच्या ट्रॉलीचं नेमकं अंतर ४०० मेगाहर्ट्झच्या बँडविड्थमधून काढा, तिथे ३७.५ सेंटिमीटरची बारकाई मिळते.

प्रतिसाद १
आणखी एक मार्ग. ओळीचे ६४-६४ चे चार तुकडे करा. प्रत्येकाला लाट जवळपास सपाटच दिसेल, प्रत्येक जण किंचित वेगळा कोन सांगेल, त्या रेषा जिथे छेदतील तिथे माणूस. बारकाई थोडी कमी, पण वेळ खूप वाचतो. आधी यावरून जागा ढोबळ काढा, मग तेवढ्याच भागात पूर्ण ओळीने शोधा.

धागाकर्ता
हे दोन्ही एकत्र करतो. रविवारी माणूस चालता ठेवून चालवणार आहे, आकडे इथेच टाकेन.