गावचा हर्लिंग क्लब शेजारच्या पॅरिशच्या क्लबात विलीन करावा का?

टिपरेरीकर:
नऊ वर्षं आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीतल्या एका लहान गावात राहतोय. मुलगा बारा वर्षांखालच्या संघात हर्लिंगही (काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ) खेळतो आणि गेलिक फुटबॉलही (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल). मोठ्यांच्या संघाला मैदानात पंधरा जण लागतात. यंदा दोन सामन्यांना आमचे तेराच जमले. बाकीची पोरं डब्लिनला, नाहीतर ऑस्ट्रेलियात. लहान मुलांचे संघ शेजारच्या पॅरिशबरोबर (पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा परिसर) एकत्र खेळतातच. आता मोठ्यांचे क्लबही एक करायचे का, यावर वार्षिक सभेत मतदान आहे.

माझं मत, करावं. किल्केनी काउंटीचा बॅलीहेल शॅमरॉक्स क्लब पाहा. बॅलीहेल, नॉकटॉफर, नॉकमोयलन ही छोटी गावं १९७२ साली एका नावाखाली आली. १९८१ मध्ये पहिलं अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद, आज एकूण नऊ. हर्लिंगमधला नामांकित खेळाडू हेन्री शेफ्लिन तिथलाच. गावं वेगवेगळी खेळत राहिली असती तर हे झालं असतं का?

किल्केनीवाली:
ते उदाहरण तुम्हाला लागू पडत नाही. ती गावं एकाच पॅरिशची. घर आधीच एक होतं, चुली फक्त वेगळ्या होत्या. तुम्ही दोन घरं एक करायला निघालात.

१८८४ साली तुमच्याच टिपरेरीतल्या थर्ल्समध्ये, हेज हॉटेलात, हे खेळ चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संघटना उभी राहिली आणि क्लब पॅरिशपॅरिशने वाढले. कुणालाही खेळायचे पैसे मिळत नाहीत. मग माणूस दिवसभर गाईंचं करून संध्याकाळी चिखलात सरावाला का येतो? गावासाठी. टिपरेरीतल्या ग्रेंजमॉकलर गावचा फुटबॉल खेळाडू मायकल होगन २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ब्रिटिश दलांच्या गोळीबारात गेला. त्या दिवशी चौदा जण मारले गेले. आज त्या ८२ हजारांच्या स्टेडियममध्ये होगन स्टँड आहे, आणि त्याचं नाव निघालं की त्याच्या गावाचंही निघतं. दोन गावांची नावं जोडून केलेल्या क्लबाबद्दल कुणाच्या पोटात असं तुटेल?

टिपरेरीकर:
नावाचं मोल मला कळतं. पण तेरा जण घेऊन उतरायचं, मोठ्या फरकाने हरायचं आणि एकोणीस वर्षांच्या पोराने ड्रेसिंग रूममध्ये मान खाली घालून बसायचं, हे मी दोनदा पाहिलंय. तिसऱ्यांदा तो पोरगा येणारच नाही.

डेरीहून:
विलीन न होताही जमतं. इथल्या डेरी काउंटीतलं स्लॉटनील म्हणजे डोंगरपायथ्याची विखुरलेली वस्ती, क्लब १९५३ चा. २०१६ साली त्यांनी अल्स्टर प्रांताची फुटबॉल, हर्लिंग आणि कॅमोगी (बायकांचं हर्लिंग) अशी तिन्ही विजेतेपदं एकाच वर्षी घेतली. कॅमोगीच्या मुलींनी २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन अखिल आयर्लंड विजेतेपदं आणली. हर्लिंगला आणि फुटबॉलला बरेचसे खेळाडू तेच! गावाने आयरिश भाषेचं शिक्षण उभं केलं, तरुण जोडप्यांना तिथेच राहावंसं वाटेल असं काही केलं. खेळाडू कमी पडतात कारण घरं कमी पडतात. क्लब जोडून घरं वाढत नाहीत.

टिपरेरीकर:
घरं वाढायला वीस वर्षं लागतात. माझ्या मुलाचं खेळायचं वय तेवढं थांबणार नाही.

कॅमोगीची आई:
आमची मुलगी दोन वर्षं शेजारच्या पॅरिशच्या मुलींबरोबर एकाच संघात आहे. पहिल्या महिन्यात दोन्हीकडच्या मुली वेगवेगळ्या बाकांवर बसायच्या. आता एकमेकींच्या घरी मुक्कामाला जातात. नावाची अडचण आम्हा मोठ्यांनाच जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

किल्केनीवाली:
मुलांचा संयुक्त संघ ठेवाच, त्याला कुणाचा विरोध आहे? मोठ्यांचा संघ खालच्या गटात उतरवा, चार वर्षं तिथे खेळा. ही संयुक्त संघातली मुलं मोठी होऊ द्या. एकदा क्लब बंद केला की परत उघडायला तीच माणसं पुन्हा उभी राहणार नाहीत. आणि मैदान कुणाचं ठेवणार, ते ठरलंय का?

टिपरेरीकर:
नाही. त्यावर अजून कुणीच बोललेलं नाही. आमच्या मैदानाची भिंत गावातल्याच माणसांनी रविवार रविवार करून बांधली, त्यातले दोघे सभेला येतील. हा प्रश्न मीच आधी मांडतो, मग मतदान.