आत्याच्या मुलाशी लग्न आणि थॅलेसेमिया मायनर

ऐरोलीकर: धाकटीचं आत्याच्या मुलाशी ठरतंय. आजी म्हणते, घरातली पोर घरातच राहील. पण लोहाच्या गोळ्या वर्षभर खाऊनही तिचं हिमोग्लोबिन दहाच्या वर जाईना. आता एचबीए२ (थॅलेसेमिया ओळखायला मोजतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार) ५.२ टक्के आलंय, म्हणजे थॅलेसेमिया मायनर: या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जीन एकाच बाजूने आलेलं. आत्याला कसं सांगू?

ठाण्याची ताई (लॅबमध्ये आहे): दादा, यात दोष कुणाचाच नाही. जातीत, नात्यात लग्नं होत राहिली की एकाच पणजोबाचं जीन दोन्हीकडून भेटतं. सिंधी, लोहाणा समाजात हा आजार जास्त दिसतो, त्यामागे हेही कारण आहे. मुलाचीही एचबीए२ करा. दोघं मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर (दोन्हीकडून जीन आलेलं, सतत रक्त चढवावं लागणारं) असण्याची शक्यता २५ टक्के.

कोपरखैरणे: नक्की करा. माझा भाचा मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त. सुई टोचताना आता रडतही नाही, हात स्वतःच पुढे करतो. आम्ही छत्तीस गुण बघितले, रक्त नाही बघितलं. सायप्रसमध्ये लग्नाआधी तपासणीचा दाखला लागतो. बहुतेक जोडपी तरीही लग्न करतात, गर्भाची तपासणी करून घेतात. तिथे मेजर बाळं जन्मणं जवळपास थांबलंय.

ऐरोलीकर: रविवारी रिपोर्ट घेऊन कळव्याला आत्याकडे जातोय. आधी माझीही तपासणी करतो, म्हणजे आत्याला हे एकट्या पोरीचं वाटणार नाही.