आईला पहाटे दरदरून घाम, इन्सुलिनमुळे का? लवकर सांगा

जुळेसोलापूरकर: आईला नवीनच इन्सुलिन चालू झालंय. काल पहाटे बघितलं तर कपडे घामानं चिंब, हात थरथरतायत, बोलणं अडखळत होतं. साखरेचा चहा पाजला मग जरा वेळानं नीट झाली. आत्या म्हणते सोलापूरचा उन्हाळा आहे, घाम येणारच. आमचे डॉक्टर गावाला गेलेत. इंजेक्शन बंद करू का??

शेळगी_वाला: कुठलं इन्सुलिन, किती युनिट? शुगर किती होती तेव्हा? काहीच लिहिलं नाही की ओ.

जुळेसोलापूरकर: ३०/७० (लवकर आणि सावकाश काम करणारं मिसळलेलं इन्सुलिन), सकाळी २० युनिट, रात्री १४. चहानंतर मोजली, ८८. पण हे इन्सुलिनचंच आहे का ते सांगा ना.

होटगीरोड_अण्णा: एकदा टोचायला लागलं की सुटत नाही बघा. जांभळाच्या बियांची पावडर द्या, मी तेच घेतो.

सिस्टर_ताई: अण्णा, इन्सुलिनवरच्या पेशंटला पावडरवर सोडू नका सांगायला. हा हायपो वाटतोय, म्हणजे रक्तातली साखर फार कमी होणं. ७० च्या खाली हायपो, ५४ च्या खाली गंभीर, आणि बोलणं अडखळलं म्हणजे मेंदूला साखर कमी पडली. बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट) आणि सिरिंज त्याचीच, लाल टोपणाची आहे ना? १०० चं औषध त्या सिरिंजमधून गेलं तर अडीचपट जातं. रात्री जेवल्या होत्या का? बीपीची गोळी कुठली?

भवानीपेठ: फ्रीज नसेल तर मडक्यात ठेवा, उन्हानं इन्सुलिन खराब होतं.

जुळेसोलापूरकर: फ्रीज आहे हो. बाटली ४०, टोपण लाल. गोळी मेटोप्रोलॉल. सोमवारी तिचा सिद्धेश्वराचा उपवास असतो, रात्री फक्त दूध. इंजेक्शन रोजच्यासारखंच.

सिस्टर_ताई: मग तेच कारण दिसतंय! उपवासाला पूर्ण डोस जातोय. त्या गोळीनं थरथर, धडधड लपू शकते, घाम लपत नाही, म्हणून घामाला उन्हाळा म्हणू नका. आजच्या इंजेक्शनआधी डॉक्टरांना फोन करा, नाही लागला तर सिव्हिलला दाखवा, मनानं बंद करू नका. परत झालं तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी मोजा, ७० च्या खालीच असेल तर परत द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८. इन्सुलिनची ॲलर्जी होऊन अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तरी १०८.

होटगीरोड_अण्णा: इतक्या वर्षांचा सोमवार मोडायला लावताय का?

सिस्टर_ताई: मोडा कुठं म्हणले? डॉक्टरांना विचारून डोस ठरवा म्हणते.

जुळेसोलापूरकर: लागला फोन. रात्रीचा डोस कमी केलाय, पहाटे ३ ला शुगर बघा म्हणाले. बोटाला टोचलं की ती चिडते, दंडावर चालेल का?

सिस्टर_ताई: नको, हायपो असताना दंडावरचा आकडा मागं राहतो. बोटाचंच घ्या, कडेला टोचा, कमी दुखतं.