हिरवं कासव धोक्याबाहेर, मग ऑलिव्ह रिडले का नाही?

मृणाल, कोथरूड:
मार्चमध्ये लेकीला घेऊन कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं बघायला गेले होते. सकाळी पिल्लांची टोपली आडवी केली आणि इवलीशी काळी पिल्लं ओल्या वाळूवरून पाण्याकडे निघाली. एक कुणाच्या तरी पावलाच्या ठशात अडकलं, तर लेक रडकुंडीला आली. आदल्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर एक मोठं कासव मेलेलं पाहिलं होतं, पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला निळ्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला. फोटो आहे.
आता लेक विचारते, ऑक्टोबर 2025 मध्ये आययूसीएनने (कोणता जीव किती धोक्यात हे ठरवणारी जागतिक संघटना) हिरव्या कासवाला ‘एन्डेंजर्ड’ म्हणजे धोक्यातल्या गटातून थेट ‘लीस्ट कन्सर्न’ म्हणजे सर्वांत कमी काळजीच्या गटात आणलं, मग ऑलिव्ह रिडले ‘व्हल्नरेबल’ म्हणजे असुरक्षितच का? ओडिशात तर ती लाखांनी येतात. आणि आम्ही पाहिलं ते कोणतं, कसं ओळखू?

वाळूतली_पावलं, सिंहगड रोड:
ताई, मी दोन हंगाम कोकणात घरट्यांच्या कामाला होतो. दर्जा ठरवताना आज किती आहेत यापेक्षा गेल्या काही पिढ्यांत किती घटली, हे जास्त पाहतात. हिरव्या कासवांची मांस आणि अंड्यांसाठी बेसुमार शिकार झाली. मग किनाऱ्यांवर पहारा आला, ट्रॉलच्या जाळ्यांना कासव निसटायची वाट ठेवली गेली, आणि 1970च्या दशकापासून जगभरात संख्या साधारण 28 टक्के वाढली. तरी पूर्वीच्या मानाने ती कमीच, आणि सगळीकडे सारखी वाढलेली नाही.
रिडलेचं दुखणं वेगळं. 2025 मध्ये ओडिशात ऋषिकुल्येला जवळपास 7 लाख घरटी झाली, पण एवढा सगळा भार मोजक्या किनाऱ्यांवर! आपल्याकडे कोकणात मादी एकेकटी येते, दीड फूट खड्ड्यात शंभरेक अंडी घालून जाते. वेळासला 2002 मध्ये सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने काम सुरू केलं, त्याआधी ती अंडी सर्रास पळवली जायची. वाळू तापली की माद्याच जास्त निपजतात, ही नवी काळजी. वन्यजीव कायद्यात मात्र दोन्ही सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ‘लीस्ट कन्सर्न’ वाचून कुणी हिरव्याला हात लावायचा नाही.
ओळखायचं तर पाठीच्या मधल्या रांगेच्या एका बाजूच्या ढाली, म्हणजे कवचावरचे मोठे तुकडे, मोजा. हिरव्याला चार, रिडलेला बहुधा सहा ते आठ. हिरवं मोठेपणी समुद्री गवतावर जगतं, त्याची चरबी हिरवट, नाव त्यावरून. रिडले खेकडे, कोळंबी, जेलीफिश खातं.

हर्णैची_लेक, धनकवडी:
माझ्या भावाची होडी आहे. कासव अडकलं की जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे घरातला पैसा. 2018 पासून सरकार अशा वेळी 25 हजारांपर्यंत भरपाई देतं, फोटो-व्हिडिओ लागतो. भावाने दोनदा कासव सोडलं. पण वाहून आलेलं, बेवारस जाळं कोण कापणार?

मृणाल, कोथरूड:
फोटो मोठा करून लेकीने मोजलं. डावीकडे सात. रिडलेच होतं. तो निळा तुकडा कुणाच्या होडीचा नसेलही, हे आज कळलं. पुढच्या वर्षी जाताना कात्री आणि पोती घेऊन जातोय, किनाऱ्यावर दिसेल तेवढं जाळं गोळा करायला. कुणी येणार असेल तर सांगा.