मदत हवी आहे : ट्रकच्या धडकेत कोपऱ्याचा कॉलम गेला तर वरचे मजले राहतील का?

काळीमाती
दारव्हा तालुक्यात जिनिंगच्या रस्त्याला लागून तळमजला अधिक दोन मजले, असं काम सुरू आहे. खाली दुकानं, समोर नुसती शटर. कॉलम ४ मीटरवर, एम२० काँक्रीट, एफई५०० सळई (दोन्ही ताकदीच्या प्रती). हंगामात कापसाचे ट्रक कॉलमला घासून वळतात. पहिल्या स्लॅबची सळई बांधून झाली, भरायचा परवा आहे. आता काय बदलता येईल?

ओळंबा
भाऊ, आधी कॉलमपाशी बीमची खालची सळई बघा. तिथे एरवी ताण वरच्या सळईला असतो, म्हणून खालची बहुतेक कॉलमच्या तोंडाशीच तोडतात. मधला कॉलम गेला की ४ चा गाळा (दोन कॉलमांमधलं अंतर) ८ मीटरचा होतो, वाकवणारा जोर चौपट. आधार झटक्यात गेला तर परिणाम आणखी दुपटीपर्यंत. ताण आता खाली येतो आणि नेमकी तिथेच सळई तुटक. सांधा उघडतो, वरचा स्लॅब खालच्यावर आदळतो. ते वजन धरून खालचा कुणी डिझाइन केलेलाच नसतो.

बांधलेली सगळी सळई सोडवू नका. खालच्या १६ मिमीच्या सळ्यांना लागून कॉलममधून आरपार दोन १६ मिमी सळ्या घाला. एम२० मध्ये सळई निसटू नये म्हणून काँक्रीटमधली पकड व्यासाच्या ५७ पट लांब लागते, म्हणजे कॉलमच्या दोन्ही बाजूंना ९१० मिमी. मिस्त्रीचा ‘दोन फूट लॅप’ (सळईवर सळई चढवणं) इथे चालणार नाही. पुढच्या मजल्यांना मात्र खालची सळई कॉलममधून सलगच न्या.

काळीमाती
आणि कोपऱ्यावर? तिथे पलीकडे बीमच नाही.

गुण्या
म्हणूनच कोपरा सगळ्यात अवघड. मधल्या ठिकाणी सलग सळ्या दोरासारख्या ताणून वजन शेजारच्या कॉलमांवर टांगतात. कोपऱ्यात पलीकडून धरायला कुणी नाही. दोन्ही बीम अधांतरी राहतात, शेजारच्या कॉलमपाशी जोर साधारण पाचपट होतो आणि सगळी मदार वरच्या सळईवर येते. कॉलमपाशी वर घातलेली जादा सळई पाव गाळ्यावर तोडलेली असते. ती कोपऱ्यापर्यंत न्या, टोक कॉलममध्ये खाली वळवा. कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत बीमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगा १०० मिमीच्या आत, रिंगेच्या टोकाचा हूक १३५ अंशांचा. ९० चा हूक कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फुटलं की उघडतो.

१९६८ मध्ये लंडनच्या २२ मजली रोनन पॉइंटमध्ये १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा खाली आला. ती तयार काँक्रीट पॅनलची होती, पॅनल एकमेकांना नीट बांधलेले नव्हते. आपल्या कॉलम-बीमच्या फ्रेमला बांधून ठेवायची सोय आहे, ती सोडू नये.

तरी ९ इंची कॉलमवर एवढ्याने निर्धास्त होता येत नाही. ट्रक तिथवर पोचूच नये : कॉलमपासून अंतर सोडून, काँक्रीट भरलेले १५० मिमीचे लोखंडी पाइप काळ्या मातीखालच्या मुरुमापर्यंत रोवा. त्यांचा पाया कॉलमच्या फुटिंगला जोडू नका, नाहीतर धक्का तिकडेच जाईल. आणि हे बदल डिझायनरला दाखवूनच परवाचा स्लॅब भरा. नाहीतर दोन दिवस पुढे ढकला.